आधी अणू, मग तारा

हिवाळ्यात रात्री उत्तरेकडे तोंड करून मान थोडी वर केली की एक ठळक, पिवळसर तारा लक्ष वेधून घेतो. तो ब्रह्महृदय, सारथी तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा. आपल्यापासून तो सुमारे ४३ प्रकाशवर्षे दूर आहे. नुसत्या डोळ्यांना एकच बिंदू दिसतो, पण तिथे दोन पिवळे राक्षसी तारे १०४ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. दोघांच्या पृष्ठभागाचे तापमान पाच ते पावणेसहा हजार केल्विन, म्हणजे आपल्या सूर्यासारखेच.

१९७४ साली एका रॉकेटवरील उपकरणाला या ताऱ्याकडून क्ष-किरण येताना आढळले. पाच हजार केल्विनचा वायू दृश्य प्रकाश भरपूर देतो, क्ष-किरण मात्र देऊ शकत नाही. क्ष-किरण निघायला तापमान लाखो केल्विनच्या घरात लागते. अर्थात ब्रह्महृदयाच्या पृष्ठभागाच्या वर, सूर्याला आहे तसेच, अतितप्त आणि अतिविरळ वायूचे प्रभामंडळ असले पाहिजे. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘आइन्स्टाइन’ ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली आणि जवळजवळ सर्व प्रकारचे तारे कमी-अधिक प्रमाणात क्ष-किरण देतात हे स्पष्ट झाले.

आज ब्रह्महृदयाच्या प्रभामंडळाचे तापमान साधारण साठ लाख केल्विन आहे असे पुस्तकांत छापलेले असते. ही संख्या कुणी थर्मामीटर लावून मोजलेली नाही. ती क्ष-किरणांच्या वर्णपटातील रेषांवरून काढलेली आहे, आणि त्या रेषांचा अर्थ लावण्यासाठी अणूचे एक गणिती प्रारूप वापरलेले आहे. ते प्रारूप चुकले तर तापमान चुकते, घनता चुकते, ताऱ्यात लोह किती आणि ऑक्सिजन किती हेही चुकते. ते बरोबर आहे हे कसे ठरवायचे, हा या प्रकरणाचा विषय.

नसलेले मूलद्रव्य

अणूची माहिती अपुरी असली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण सूर्याचे आहे. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झाले. चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या दोघांनी स्वतंत्रपणे प्रभामंडळाचा वर्णपट पाहिला. त्यात ५३०३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर एक हिरवी रेषा होती. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही मूलद्रव्याची रेषा या जागी बसत नव्हती. वर्षभरापूर्वीच्या, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात पियर यान्सेन यांनी भारतात गुंटूर येथून निरीक्षण केले होते, आणि त्या काळात सूर्याच्या वर्णपटात सापडलेल्या एका पिवळ्या रेषेवरून हेलियम या नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली होती. त्यामुळे हिरव्या रेषेमागेही नवेच मूलद्रव्य असावे असे मानणे स्वाभाविक होते. त्याला ‘कोरोनियम’ हे नाव मिळाले.

हेलियम पुढे पृथ्वीवरही सापडला. कोरोनियम सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९३९ मध्ये वॉल्टर ग्रोट्रियान यांनी वाट दाखवली आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी निर्णायक पुरावा मांडला. हिरवी रेषा साध्या लोहाचीच होती, पण ते लोह आपले १३ इलेक्ट्रॉन गमावून बसले होते. लोहाच्या अणूत एकूण २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले निम्मे उपटून काढायला दहा-वीस लाख केल्विनचे तापमान हवे. सूर्याच्या पृष्ठभागावर सहा हजार केल्विनही नसताना त्याच्या वरचा वायू इतका तप्त आहे, हे तेव्हा मान्य करावे लागले.

वर्णपट सत्तर वर्षे हाती होता. दुर्बिणीत दोष नव्हता, निरीक्षकांत नव्हता. उणीव होती ती अणूविषयीच्या ज्ञानाची. क्ष-किरणांच्या बाबतीत हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला आहे.

प्रारूपात काय काय असते

प्रभामंडळात अणू असतात ते आयनांच्या रूपात, इलेक्ट्रॉन गमावलेले. त्यांच्याभोवती मोकळे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावत असतात. एखादा इलेक्ट्रॉन आयनावर आदळला की आयनातला उरलेला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तो खाली उतरताना ठराविक ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर पडतो. असे असंख्य फोटॉन मिळून वर्णपटात एक उत्सर्जन रेषा उमटते.

ही साधी गोष्ट संख्येत मांडायची तर बरेच काही ठाऊक असावे लागते. प्रत्येक पातळीची ऊर्जा किती, यावर रेषेची तरंगलांबी ठरते. धडकेने इलेक्ट्रॉन वर जाण्याची संभाव्यता किती, यावर रेषेची तीव्रता ठरते. वर गेलेला इलेक्ट्रॉन थेट तळाला येतो की पायरीपायरीने, हेही पाहावे लागते, कारण वरून घरंगळत आलेले इलेक्ट्रॉन खालच्या पातळ्यांच्या रेषांत भर घालतात. या सगळ्याच्या आधी आणखी एक प्रश्न असतो: दिलेल्या तापमानाला लोहाचे किती अणू १६ इलेक्ट्रॉन गमावलेले असतील, किती १७, किती १८?

आयनांची ही वाटणी म्हटली की आपल्याला मेघनाद साहा आठवतात. १९२० मध्ये त्यांनी मांडलेल्या समीकरणाने ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ उलगडला. पण ते समीकरण दाट, समतोलात असलेल्या वायूसाठी आहे, ताऱ्याच्या पृष्ठभागासारख्या. प्रभामंडळ इतके विरळ असते की तिथे निर्माण झालेला प्रकाश पुन्हा अडकत नाही, सरळ निघून जातो. तिथे इलेक्ट्रॉन तोडणाऱ्या धडका आणि इलेक्ट्रॉन परत पकडण्याच्या क्रिया यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

या हिशेबातही एक मोठी गोष्ट सुटून गेली होती. आयन मोकळा इलेक्ट्रॉन पकडतो तेव्हा कधीकधी त्यातून सुटलेल्या ऊर्जेने आयनातलाच दुसरा इलेक्ट्रॉन वर उचलला जातो. दोन्ही इलेक्ट्रॉन क्षणभर वरच्या पातळ्यांवर असतात आणि मग प्रकाश देत खाली येतात. या आडवाटेने किती इलेक्ट्रॉन पकडले जातात याकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. १९६४ मध्ये ॲलन बर्जेस यांनी दाखवून दिले की सूर्याच्या प्रभामंडळात हीच वाट प्रमुख आहे. तोवर एक जुनी विसंगती सतावत होती. आयनांच्या वाटणीवरून काढलेले प्रभामंडळाचे तापमान हे रेषांच्या रुंदीवरून काढलेल्या तापमानाच्या जवळपास निम्मे येत असे. बर्जेस यांची क्रिया हिशेबात धरली आणि दोन्ही उत्तरे जुळली. अणूच्या प्रारूपात एक क्रिया वाढली आणि सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान जवळजवळ दुप्पट झाले.

अशा हजारो आकड्यांचे संच आज संगणकावर तयार आहेत. जॉन रेमंड आणि बॅरम स्मिथ यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रारूप कित्येक वर्षे वापरात होते. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे रोल्फ मेवे आणि सहकाऱ्यांनी दुसरी परंपरा उभी केली. तिच्यातून आजचे ‘स्पेक्स’ आले. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘कियांती’ हा संच तयार केला. अमेरिकेत हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात ‘अ‍ॅटमडीबी’ घडला. जगभरचे क्ष-किरण खगोलशास्त्रज्ञ यांपैकीच एखादा संच वापरून आपली उत्तरे काढतात. त्यातले बहुतेक आकडे प्रयोगात मोजलेले नाहीत, पुंजयामिकीच्या गणिताने काढलेले आहेत. दहा-बारा इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असताना ते गणित तंतोतंत सुटत नाही, अंदाज करावे लागतात. म्हणून पडताळणी हवी.

तीन ताऱ्यांची कसोटी

१९९० च्या दशकापर्यंत ताऱ्यांच्या बाबतीत ही पडताळणी नीट करताच येत नव्हती, कारण उपकरणे रेषा वेगळ्या करू शकत नव्हती. शेजारच्या दहा-वीस रेषा मिळून एक उंचवटा दिसे. प्रारूपातली एखादी रेषा चुकीची असली तरी ती त्या उंचवट्यात लपून जाई. तरीही कुठेतरी बिघाड आहे हे ब्रह्महृदयाच्या तेव्हाच्या वर्णपटांतूनही जाणवत होते. काही भागांत तारा प्रारूपापेक्षा जास्त प्रकाश देत होता, कारण लोहाच्या खूप वरच्या पातळ्यांवरून निघणाऱ्या रेषा प्रारूपात घातलेल्याच नव्हत्या.

२३ जुलै १९९९ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात गेली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला युरोपची ‘एक्सएमएम-न्यूटन’. दोन्हींवर क्ष-किरण पसरवून रेषा सुट्या करणाऱ्या सूक्ष्म जाळ्या होत्या. ‘चंद्रा’वरची सर्वांत बारीक जाळी ०.०१२ अँगस्ट्रॉम इतक्या अंतरावरच्या रेषा वेगळ्या दाखवते. ताऱ्यांचे क्ष-किरण वर्णपट पहिल्यांदाच रेषारेषांनी वाचता येऊ लागले.

नवी दुर्बीण पाठवल्यावर आधी तिची स्वतःची जुळणी करावी लागते. त्यासाठी तेजस्वी आणि बेभरवशाचे नसलेले तारे निवडतात. ब्रह्महृदय त्यात पहिला आला. हा जुळणीचा डेटा हाती येताच ‘चंद्रा’ केंद्रातील नॅन्सी ब्रिकहाउस, जेरेमी ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सामूहिक उपक्रम आखला. तीन ताऱ्यांच्या वर्णपटांतील रेषा एकेक करून ओळखायच्या आणि वेगवेगळ्या प्रारूपांशी ताडून पाहायच्या.

ताऱ्यांची निवड विचारपूर्वक होती. पहिला प्रश्वा, साडेअकरा प्रकाशवर्षांवरचा आपला शेजारी. त्याचे प्रभामंडळ त्या मानाने थंड, पंधरा-वीस लाख केल्विनच्या आसपास. तिथे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या रेषा स्वच्छ दिसतात, लोहाची गर्दी कमी असते. दुसरा ब्रह्महृदय. तिथे १६ ते १८ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाचे राज्य. तिसरी एचआर १०९९ ही जोडी. त्यातले दोन तारे तीन दिवसांच्या आत एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांचे प्रभामंडळ एक कोटी केल्विनच्याही पुढे जाते. तिथे आणखी इलेक्ट्रॉन गमावलेले लोह आणि तेजस्वी निऑन. तीन ताऱ्यांनी मिळून तापमानाचा मोठा पट्टा व्यापला.

पण इथे एक तार्किक अडचण आहे. वाण्याचा काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला खात्रीचे वजन लागते. पोत्यातले धान्य टाकून काटा तपासता येत नाही, कारण धान्य किती ते आपल्याला त्याच काट्यावर कळणार असते. ताऱ्याचे तापमान आधी ठाऊक नाही, तो कशाकशाचा बनला आहे तेही नाही. मग त्याच्याच प्रकाशावरून प्रारूप कसे तपासायचे?

याचे उत्तर रेषांच्या गुणोत्तरांत आहे. काही वेळा एकाच आयनाच्या एकाच वरच्या पातळीवरून दोन वेगळ्या रेषा निघतात. त्यांचे गुणोत्तर ताऱ्यावर मुळीच अवलंबून नसते, तो कितीही तप्त असो वा विरळ. ते जुळले नाही तर उपकरणाची जुळणी तपासावी. दुसऱ्या प्रकारात आयन एकच असतो, वरच्या पातळ्या मात्र वेगळ्या. अशा गुणोत्तरावर तापमानाचा परिणाम थोडाच होतो, म्हणून इथे अणूचे प्रारूप खऱ्या अर्थाने परीक्षेला बसते. तिसऱ्या प्रकारची गुणोत्तरे घनतेनुसार किंवा तापमानानुसार ठळकपणे बदलतात, आणि ताऱ्याविषयी बोलतात ती हीच. या पायऱ्या क्रमाने चढल्या तरच तिसऱ्या पायरीवरच्या उत्तराला वजन येते. पहिल्या दोन गाळून थेट तिसरीवर उडी मारली की उपकरणाची किंवा अणूची चूक ताऱ्याच्या माथी बसते.

ऑक्सिजनच्या तीन रेषा आणि निऑनची गर्दी

तिसऱ्या पायरीचे सुंदर उदाहरण म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावून फक्त दोन उरलेला ऑक्सिजन. त्याच्या तीन रेषा जवळजवळ असतात: २१.६०, २१.८० आणि २२.१० अँगस्ट्रॉमवर. शेवटची ‘निषिद्ध’ म्हणवणारी रेषा ज्या पातळीवरून निघते, तिथे इलेक्ट्रॉन साधारण एक सहस्रांश सेकंद रेंगाळतो. अणूच्या मानाने हा फार मोठा काळ आहे. वायू विरळ असेल तर तेवढ्या वेळात कोणी आदळत नाही आणि २२.१० ची रेषा निवांत उमटते. वायू दाट झाला की दुसरा इलेक्ट्रॉन येऊन आदळतो, रेंगाळलेल्याला शेजारच्या पातळीवर ढकलतो आणि तो प्रकाश २१.८० च्या रेषेत जातो. या दोन रेषांच्या गुणोत्तरावरून घनता काढता येते, हे ॲलन गॅब्रिएल आणि कॅरोल जॉर्डन यांनी १९६९ मध्ये दाखवले. या युक्तीने ताऱ्याजवळ न जाता, प्रभामंडळात दर घन सेंटिमीटरला साधारण किती इलेक्ट्रॉन आहेत हे सांगता येते. ब्रह्महृदयाच्या बाबतीत उत्तर येते हजार कोटींच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्या श्वासातली हवा याच्या अब्जाहून अधिक पट दाट आहे.

हीच युक्ती निऑनलाही लावता येते. त्याच्या तीन रेषा १३.४५, १३.५५ आणि १३.७० अँगस्ट्रॉमवर असतात. निऑनच्या रेषा अधिक तप्त वायूतून येतात, त्यामुळे त्या भागाची घनता कळली असती. पण तिथे लोह आडवे येते. १८ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची एक रेषा १३.५२ वर, निऑनच्या मधल्या रेषेला अगदी खेटून आहे. ब्रह्महृदयात लोह भरपूर. ती रेषा निऑनच्या खात्यात जमा झाली तर वायू आहे त्यापेक्षा कितीतरी दाट वाटतो. याच कारणाने २००३ मध्ये यान-उवे नेस आणि सहकाऱ्यांनी ब्रह्महृदयाचा वर्णपट निऑनच्या त्रिकुटाची कसोटी म्हणून वापरला. लोहाच्या प्रत्येक रेषेचा वाटा आधी वेगळा काढला, मगच निऑनविषयी बोलले. ज्या ताऱ्यात लोहाची एवढी गर्दी आहे तिथे प्रारूप टिकले, तर इतरत्र त्यावर विसंबायला हरकत नाही.

रेषेची जागा अचूक ठाऊक असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. पंधरा अँगस्ट्रॉमच्या रेषेची जागा प्रारूपात ०.०१५ अँगस्ट्रॉमने चुकली, तर ती चूक सेकंदाला ३०० किलोमीटर वेगासारखी दिसते. वायू आपल्याकडे धाव घेतो आहे असा निष्कर्ष छापून येईल, आणि वायू जागच्या जागी असेल.

दोन रेषांचे कोडे

आता या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या कोड्याकडे वळू. १६ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहात १० इलेक्ट्रॉन उरतात, निऑनच्या अणूत असतात तितकेच. निऑनप्रमाणेच त्याची कवचे पूर्ण भरलेली असतात, त्यामुळे हा आयन सहजासहजी मोडत नाही आणि वीस लाखांपासून ऐंशी लाख केल्विनपर्यंतच्या विस्तृत पट्ट्यात टिकून राहतो. खगोलशास्त्रज्ञ त्याला ‘लोह-१७’ म्हणतात, कारण एकही इलेक्ट्रॉन न गमावलेला अणू त्यांच्या मोजणीत पहिला. सूर्य आणि ब्रह्महृदय दोघांच्याही क्ष-किरण वर्णपटात लोह-१७ च्या रेषा सर्वांत ठळक रेषांत मोडतात.

त्यातल्या दोन रेषा, १५.०१ अँगस्ट्रॉमची ‘३सी’ आणि १५.२६ ची ‘३डी’, दोन्ही एकाच आयनाच्या आहेत. त्यांचे गुणोत्तर तापमानावर फारसे अवलंबून नाही. वर सांगितलेल्या दुसऱ्या पायरीची ही आदर्श जोडी. सिद्धांताप्रमाणे ३सी ही ३डी च्या साडेतीन ते चार पट तीव्र असायला हवी. सूर्याच्या वर्णपटात ती बऱ्याचदा दोन-अडीच पटच भरे. ब्रह्महृदयातही गुणोत्तर तीनपेक्षा कमी आले.

पहिले स्पष्टीकरण ताऱ्याकडे बोट दाखवणारे होते. ३सी ही फार प्रबळ रेषा आहे, तेव्हा तिचा प्रकाश वाटेतल्या लोह-१७ कडूनच शोषला जाऊन दुसरीकडे विखुरला जात असेल. हे तर्काला धरून होते. कित्येकांनी त्या आधारे सूर्यावरील तप्त वायूच्या कमानींची जाडी आणि घनता यांचे हिशेबही मांडले.

मग प्रयोगशाळा पुढे आली. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘इबिट’ नावाचे यंत्र उभे राहिले होते. त्यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत चुंबकाने आवळून धरतात. झोताची ऊर्जा हवी तशी ठेवता येते, त्यामुळे लोहाचे नेमके १६ इलेक्ट्रॉन तोडून आयन सापळ्यात अडकवता येतात आणि त्यांतून येणारे क्ष-किरण मोजता येतात. ताऱ्याच्या प्रभामंडळाचा एक चिमटाभर नमुना जमिनीवर तयार करण्यासारखेच हे आहे, आणि इथला वायू इतका थोडा असतो की प्रकाश वाटेत विखुरण्याचा प्रश्नच येत नाही. १९९८ मध्ये ग्रेगरी ब्राउन, पीटर बायर्सडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी लोह-१७ चे गुणोत्तर मोजले. ते तीनच्या आसपास आले, सिद्धांतापेक्षा स्पष्टपणे कमी. पुढे असेही दिसले की १५ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची एक रेषा ३डी च्या अगदी जागेवर पडते आणि तिला फुगवते. सूर्याच्या कमी तप्त भागांत असे लोह असतेच. म्हणजे विखुरण्याच्या स्पष्टीकरणाचा बराचसा आधार गेला, आणि त्या विसंगतीवरून काढलेल्या जाडी-घनतेच्या हिशेबांचाही.

आता प्रश्न सिद्धांताला होता. इलेक्ट्रॉनची धडक बाजूला ठेवून थेट क्ष-किरणांनीच आयनाला उत्तेजित केले तर? हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील गटाने आपला इबिट उचलून स्टॅनफर्ड येथील क्ष-किरण लेसरजवळ नेला. २०१२ मध्ये ‘नेचर’ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही रेषांच्या मूळ ताकदीचे गुणोत्तर २.६१, सिद्धांत मात्र साडेतीनच्या वर. पुंजयामिकीची गणनाच कुठेतरी चुकते आहे असे वाटू लागले. सिद्धांतकारांनी हजारो पातळ्या हिशेबात घेऊन आकडेमोड पुन्हा केली. उत्तर साडेतीनवरून हलेना. दुसरीकडे, लेसरच्या प्रखर स्पंदांनी आयनांचीच अवस्था बदलली असावी, अशी शंका पुढे आली.

मग प्रयोग हँबर्गच्या ‘पेट्रा ३’ सिंक्रोट्रॉनवर नेला गेला. तिथला क्ष-किरण झोत लेसरइतका दांडगा नाही. २०२० मध्ये गुणोत्तर ३.०९ आले, सिद्धांताच्या जवळ, पण अजून खाली. त्याच गटाने उपकरण सुधारले, पार्श्वभूमीचा गोंगाट कमी केला, रेषा अधिक बारकाईने पाहिल्या. रेषेच्या दोन्ही कडांना पसरणारे फिकट पंख पूर्वी गोंगाटात बुडून जात होते, आणि प्रबळ रेषेचा मोठा वाटा त्या पंखांतच होता. तो मोजल्यावर २०२२ मध्ये उत्तर आले ३.५१. सिद्धांत सांगत होता ३.५५. मोजमापाच्या अनिश्चिततेत दोन्ही जुळले.

या कोड्यात आरोपी दोनदा बदलला. आधी ताऱ्यातला वायू, मग सिद्धांत, शेवटी मोजमापाची पद्धत. म्हणून काही सगळा वाद मिटला असे नाही. २०२२ चा प्रयोग क्ष-किरणांनी उत्तेजित केलेल्या आयनांचा आहे. ताऱ्यात उत्तेजन होते ते इलेक्ट्रॉनच्या धडकेने. त्या धडकेच्या संभाव्यतांची पडताळणी वेगळी करावी लागते आणि ती चालू आहे. पण कुठे शोधायचे ते क्षेत्र आता लहान झाले आहे, आणि हेच विज्ञानातले खरे पुढचे पाऊल.

एवढ्या खटाटोपातून मिळते काय

२००५ मध्ये जेरेमी ड्रेक आणि पाओला टेस्टा यांनी जवळच्या २१ ताऱ्यांच्या क्ष-किरण वर्णपटांवरून निऑन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण काढले. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दृश्य प्रकाशात निऑनच्या रेषा दिसतच नाहीत, म्हणून त्याचे प्रमाण जाणून घ्यायचा मार्ग प्रभामंडळातूनच जातो. त्या ताऱ्यांत ते सूर्यासाठी मानलेल्या आकड्याच्या २.७ पट निघाले. त्याच सुमारास सूर्यातील ऑक्सिजन आधी समजला होता त्यापेक्षा कमी आहे असे आढळून सूर्याच्या अंतर्भागाची प्रारूपे आणि सूर्यावरील कंपनांची निरीक्षणे यांचा मेळ बिघडला होता. निऑन जास्त धरला तर तो मेळ परत बसत होता. सूर्याच्या स्वतःच्या प्रभामंडळातील मोजमापांनी मात्र जुन्या आकड्याच्या बाजूने कौल दिला, आणि वाद पुढे चालू राहिला. हा वाद घालता आला तोच मुळी निऑन आणि ऑक्सिजनच्या साध्या आयनांची अणुविषयक माहिती तपासून विश्वासार्ह झाली होती म्हणून. नाहीतर २.७ पट हा फरक ताऱ्यांचा की तक्त्यांचा, हेच कळले नसते.

भारतातल्या निरीक्षणांनाही हे लागू आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ वरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिचे संवेदक रेषा सुट्या करत नाहीत. ३सी आणि ३डी यांच्या फोटॉनच्या ऊर्जेतला फरक सुमारे १३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि तो त्या संवेदकाच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे सबंध वर्णपटावर प्रारूप बसवूनच तापमान आणि मूलद्रव्यांचे प्रमाण काढतात. म्हणजे ज्या उपकरणाला रेषा दिसत नाहीत, तेच प्रारूपावर सर्वाधिक विसंबून असते. ब्रह्महृदयावर ‘चंद्रा’ने केलेली पडताळणी अशा प्रत्येक दुर्बिणीच्या कामी येते.

७ सप्टेंबर २०२३ रोजी जपानने सोडलेली ‘एक्सरिझम’ ही दुर्बीण साडेसहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढच्या लोहरेषांत पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी फरकही ओळखते. तिच्या संवेदकासमोरची एक झडप अवकाशात उघडली नाही, त्यामुळे पंधरा अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रेषा तिला सध्या दिसत नाहीत. पण जिथे ती पाहू शकते तिथे तिने प्रारूपांसमोर नवे, अधिक कडक प्रश्न ठेवले आहेत. उपकरण जितके तीक्ष्ण, तितका अणूच्या तक्त्यातला जुना दोष स्पष्ट दिसतो.

या कामाला लागणारी सामग्री आज कुणालाही खुली आहे. ‘चंद्रा’चे ब्रह्महृदयाचे वर्णपट सार्वजनिक संग्रहात आहेत, ‘कियांती’ आणि ‘अ‍ॅटमडीबी’ विनामूल्य मिळतात. नांदेड, कोल्हापूर किंवा पणजीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक संगणक आणि पुंजयामिकीची जाण एवढ्यावर लोह-१७ चे गुणोत्तर स्वतः काढून प्रारूपाशी ताडता येते. ते जरूर करून पाहावे. एखादी रेषा जुळली नाही, तर ताऱ्याविषयी निष्कर्ष काढण्याआधी उपकरण तपासावे, मग अणू तपासावा, आणि ते दोन्ही निर्दोष ठरल्यावरच ताऱ्याबद्दल बोलावे.